नारळाशी कुठल्या भाषेत बोलायचं

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पार्जिलाची तोवर अकरा गिऱ्हाइकं झाली होती. तीस नंबरच्या ओट्यावर केळीच्या पानांत बांधलेल्या टेम्पेच्या पुड्या रचलेल्या होत्या. आंबवलेल्या सोयाबीनची ऊब अजून पानांतून हाताला लागत होती. बारावा आला तो सायकलरिक्षावाला गिमिन.

"काय गं यु, रात्रभर कुशीत घेऊन झोपलीस वाटतं यांना. गरमच आहेत."

"तुझी बायको तुला घेत नाही म्हणून टेम्पेचा हेवा करतोस होय रे? किती देऊ, बोल."

"चार दे. वाकडी बांधलेली नको."

"वाकडा तूच आहेस. पुड्या सरळ आहेत."

यु म्हणजे थोरली बहीण. या बाजारात बसणारी प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची यु असते. गिमिन हसत बाजूला झाला, तर त्याच्यामागे कालव्याजवळच्या मोठ्या घरातल्या वृद्ध बाई उभ्या होत्या. पार्जिलाचे खांदे दोन बोटं खाली आले, आवाज संथ झाला.

"आपलं आगमन परवा झालं नाही, मनाला चुटपुट लागून राहिली. प्रकृतीस आराम आहे ना? आजचं मऊ साधलंय, आपल्या दातांना सोसेल."

त्या गेल्या. मग डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून एक तरुण शिक्षिका आली. तिच्यासाठी फार वरचं नको, फार खालचंही नको. "घ्या ना, बाई. मुलांच्या डब्याला का? मग या लहान पुड्या घ्या, बऱ्या पडतील." तिघांनाही टेम्पे एकाच ढिगातलं मिळालं.

जावा बेटावरच्या या सोलो शहरात तोंड उघडायच्या आधी समोर कोण आहे ते बघावं लागतं. खाण्याला तीन शब्द, झोपण्याला तीन, घराला तीन. त्यातला कुठला काढायचा हे समोरच्याचं वय, घराणं, नातं आणि पायातल्या चपला बघून ठरतं. मोठा शब्द नेहमी समोरच्यासाठी, स्वतःसाठी साधाच. हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि बहुतेकांचं कुठे ना कुठे चुकतं. पार्जिलाचं चुकत नाही. तिची आई एका सरदार घराण्यात स्वयंपाकाला होती, आणि पार्जिला लहानपणी त्या स्वयंपाकघरात मसाला वाटत बसायची. चुकीच्या शब्दाला मांडीवर चिमटा, असा हिशेब होता. आठव्या वर्षी चिमटे थांबले. आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे.

अनोळखी गिऱ्हाईक आलं की ती एक पुडी उचलून तिचं पान नीट करत राहते आणि पहिलं वाक्य त्यालाच बोलू देते. त्या एका वाक्यावरून तिला माणूस कळतो. बाजारातली माणसं तिच्याकडे वाक्यं मागायलाही येतात. मासळीवाला सारिमान व्याह्याच्या मयताला जाण्याआधी तिच्या ओट्यासमोर उभा राहून चार वाक्यं तीनदा म्हणून गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं, "कुणी हसलं नाही." यापेक्षा जास्त त्याने मागितलंच नव्हतं.

एकतीस नंबरच्या ओट्यावर तुमिनी बसते. नारळ, खोवलेलं खोबरं आणि खोबरं खोवायचं एक जुनं यंत्र. ते चालू झालं की पाच ओट्यांपर्यंत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तुमिनी वोनोगिरीच्या कोरड्या डोंगरातली, पार्जिलाहून दोन वर्षांनी लहान. सव्वीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा इथे बसली तेव्हा पार्जिलाने रीतीप्रमाणे विचारलं होतं, "आपलं मूळ गाव कुठलं म्हणायचं?"

तुमिनी दचकून म्हणाली होती, "असं नको गं बोलूस माझ्याशी, यु. पोलीस आल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून दोघींमध्ये खालची भाषा. "मेलीस का गं? आवाज नाही तुझा," असं तुमिनीने विचारायचं आणि "तुला पुरल्याशिवाय कशी मरेन," असं पार्जिलाने सांगायचं. पार्जिलाचा नवरा वारला तेव्हा दिवसभर येणाऱ्या माणसांशी ती बिनचूक वरच्या भाषेत बोलली. कुणाचं आगमन कधी झालं, कुणी कुठे विराजमान व्हावं, सगळं. संध्याकाळी तुमिनी आली आणि म्हणाली, "काही गिळलंस का?" तेव्हा ती जेवली.

पार्जिलाचा मुलगा पुजी पहाटे टेम्पेच्या टोपल्या उतरवायला यायचा. तुमिनीची मुलगी निंग्रुम नारळ मोजून घ्यायला यायची. दोन ओट्यांच्या मध्ये दीड हाताचा बोळ आहे. त्या बोळातच सगळं जमलं. दोघी आयांना कळलं तोवर निम्म्या बाजाराला माहीत होतं. तुमिनीला त्या दिवशी हसू आवरेना.

"म्हणजे तू माझी विहीण होणार? अगं बाई! मग मी भांडू कुणाशी?"

"विहिणींनी वरच्या भाषेत बोलायचं असतं," पार्जिला म्हणाली.

"बोलू की. लग्नाच्या दिवशी."

"लग्नाच्या दिवसापासून."

तुमिनीला वाटलं, ही थट्टा करतेय.

रीत तशीच आहे. व्याही आणि विहिणी एकमेकांशी मरेपर्यंत वरच्या भाषेत बोलतात, आधी ते कोणीही असोत. पार्जिला ती नुसती रीत म्हणून धरून नव्हती. तिचं कारण होतं. तिच्या गल्लीत दोन विहिणी एकमेकींना अगं-तुगं करायच्या. एक दिवस परत न आलेल्या एका पातेल्यावरून बोलणं झालं. भाषा आधीच तळाला होती, भांडणाला उतरायला पायरीच नव्हती. दुसऱ्याच वाक्याला एकमेकींचे आईबाप निघाले आणि महिन्याच्या आत सून माहेरी गेली. वरच्या भाषेत भांडायचं म्हटलं तर शब्द शोधता शोधता माणसाला धाप लागते, निम्मा राग तिथेच जिरतो. पुजीच्या संसाराच्या खाली पार्जिलाला तेवढ्या पायऱ्या हव्या होत्या.

लग्न रविवारी झालं. मंगळवारी दोघी ओट्यावर आल्या. पार्जिला उठून उभी राहिली, हात समोर जुळवले.

"आपलं येणं सुखाचं झालं ना, बू? लग्नाच्या दगदगीनंतर आपल्याला विश्रांती लाभली का?"

तुमिनीने मागे वळून बघितलं. मागे फक्त भिंत होती.

"कुणाशी बोलतेस?"

"आपल्याशी, बू."

"डोकं फिरलं का गं तुझं, यु?"

"विहीणबाई," पार्जिला हळू म्हणाली, "लोक बघताहेत."

बू म्हणजे बाईसाहेब. सव्वीस वर्षांत पार्जिलाने तिला नावाखेरीज कशानेही हाक मारली नव्हती. तुमिनीने थोडा वेळ विचार केला आणि खरोखरच प्रयत्न केला. अडचण एवढीच होती की तिच्याजवळ वरच्या भाषेतली दहा वाक्यं होती. सासूने ती सासऱ्याशी बोलण्यापुरती शिकवली होती, आणि त्यातली सात चहाबद्दल होती. पहिले तीन दिवस तिने पार्जिलाला पुन्हा पुन्हा चहा विचारला. पार्जिलाने तो प्रत्येक वेळी रीतीने घेतला.

शुक्रवारी ओट्यासमोर आठ माणसं होती, त्यात गिमिनही. तुमिनीला यायला उशीर झाला होता.

"आज आपल्याला उशीर झाला, बू," पार्जिला म्हणाली.

तुमिनीने श्वास घेतला. आदल्या रात्री तिने निंग्रुमकडून काही शब्द घेतले होते. "हो ना. पहाटे माझं भोजन झालं, मग माझी स्वारी निघाली, आणि आत्ताच मी इथे विराजमान झाले. आपण कधी उलथलात?"

गिमिनने टोपी काढून छातीशी धरली. "महाराणी विराजमान झाल्या!" आठही माणसं हसली. समोरच्या ओट्यावरच्या कोबीवालीला खाली बसावं लागलं.

पार्जिला हसली नाही. तिने जे केलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं, पण त्या वेळी तिला ते तसं वाटलं नाही. ती अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "स्वतःसाठी 'बसले' म्हणावं, बू. मोठा शब्द आपल्या अंगाला लावून घ्यायचा नसतो. आणि 'उलथलात' नव्हे, 'आगमन झालं'."

तुमिनीने यंत्र चालू केलं. यंत्रात नारळ नव्हता. बराच वेळ ते तसंच घरघरत राहिलं.

त्यानंतर तुमिनी ज्यात चूक होऊच शकत नाही तेवढंच बोलू लागली. "हो, बू." "नाही, बू." "सरकते, बू." चहाची सात वाक्यंसुद्धा बंद झाली. गिमिन आठवडाभर महाराणीचा मुजरा करत होता, मग त्यालाच कंटाळा आला.

पहिले काही दिवस पार्जिलाला बरंच वाटलं. बाजारात बायका म्हणत होत्या की विहिणी असाव्यात तर अशा. पण दुसऱ्या आठवड्यात तिचा जबडा दुखायला लागला. पूर्वी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तिची जीभ तुमिनीकडे जाऊन पाय पसरून बसायची. आता ती पहाटे साडेचारपासून दुपारी अकरापर्यंत उभीच असे. गिमिनशी ती खालचं बोलायची, पण ते गिऱ्हाइकाशी बोलणं. तिथेही पुडी विकायची असते. घरी कुणी नव्हतं. पुजी आणि निंग्रुम स्टेशनमागे भाड्याच्या खोलीत राहायला गेले होते. एका दुपारी टोपल्या धुताना तिच्या ध्यानात आलं की काहीही न निवडता बोललेलं शेवटचं वाक्य तिला आठवत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी बाजारप्रमुख पाक तुकिरान वही घेऊन फेरीला आला. पाक म्हणजे साहेब. पार्जिलाकडे थांबून तो म्हणाला, "उत्तर दाराशी बेचाळीस नंबर रिकामा झालाय. बू तुमिनींचा अर्ज आलाय, त्यांना तिकडे जायचंय. शुक्रवारी आठ वाजता सह्या घेतो. तुम्हाला सांगितलं असेलच म्हणा, विहिणी तुम्ही."

"माहीत आहे," पार्जिला म्हणाली. एकतीस नंबरवर तुमिनी नारळाच्या शेंड्या उपटत होती. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी निंग्रुम डबा घेऊन आली. सुनेने सासूशी वरच्या भाषेतच बोलायचं असतं, आणि ती बोलते छान. पार्जिलाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या आई उत्तर दाराशी जाणार म्हणे?"

"हो, आई. इथे बसून फार दमायला होतं म्हणतात." निंग्रुम डबा रिकामा करत होती. "त्यातून त्यांचा गुडघा सुजलाय. न्हाणीत पाय घसरला, दोन आठवडे होऊन गेले. आपल्या कानावर घातलं नाही का त्यांनी?"

"घातलं असेल. माझंच लक्ष नसेल."

"नसेलच घातलं." निंग्रुमला हसू आलं आणि तिने ते लगेच आवरलं. "मला म्हणाल्या, गुडघ्याला वरच्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नाही, मग सांगू कशी? तिकडे कुणी विहीण नाही, निदान तोंड तरी हलवता येईल."

त्या रात्री पार्जिला सोयाबीन भिजत घालायला विसरली. इतक्या वर्षांत हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा नवरा वारला होता.

गुरुवारी दुपारी तिने ठेवणीतली तपकिरी बाटिक नेसली, वर लग्नातली केबाया, म्हणजे लांब बाह्यांची चोळी घातली, अंबाडा घातला, आणि केळ्यांचा एक घड व टेम्पेच्या सहा निवडक पुड्या घेऊन ती तुमिनीच्या घराकडे निघाली. रस्त्यात ती मनात एक वाक्य बांधत होती. आजवर लोकांसाठी तिने शेकडो वाक्यं बांधली होती. हे तिचं स्वतःचं होतं. "बू, आपली अनुज्ञा असेल तर बाजारात आपण पूर्वीप्रमाणे बोलावं, अशी माझी नम्र विनंती आहे." तिने ते चार वेळा घोळवलं. वाक्यात खोट नव्हती. खालच्या भाषेची परवानगी आपण वरच्या भाषेत मागतोय, यात काही विचित्र आहे असं तिला वाटलं नाही. परवानगी दुसऱ्या कुठल्या भाषेत मागणार?

ओसरीवर म्बाह कार्यो, म्हणजे कार्यो आजी, बसली होती. तुमिनीची सासू, वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत. सुनेला ती दहा वाक्यं हिनेच शिकवली होती.

"यावं, यावं. आपल्या पायांनी आमचं अंगण पावन झालं," म्बाह म्हणाली.

"आपली कृपा, म्बाह. मी नुसती चौकशीला आले."

तुमिनी बाहेर आली. तिने पार्जिलाची केबाया बघितली, अंबाडा बघितला, आणि समोरच्या खुर्चीवर बसली. "चहा घ्यावा, बू."

"घेईन."

"वाटेत पाऊस लागला का, बू?" हे म्बाहने विचारलं.

"नाही लागला. थोडं ऊन होतं."

"ऊन बरं. परवा पाऊस होता."

"हो. परवा होता."

"चहा आणखी घ्यावा, बू," तुमिनी म्हणाली.

म्बाह दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने समाधानाने मान हलवली. "कान तृप्त झाले बाई. विहिणी अशा असाव्यात. हल्लीच्या बायका बाजारातच एकमेकींच्या झिंज्या धरतात आणि त्यालाच माया म्हणतात. आमच्या तुमिनीला येत नव्हतं हो असं बोलायला. आपल्या संगतीत शिकली."

ते वाक्य पार्जिलाच्या जिभेवर तयार होतं. म्बाहसमोर ते काढण्याची सोय उरली नाही. तिने चहा आणखी घेतला. पावसाबद्दल, उन्हाबद्दल आणि केळ्यांच्या जातीबद्दल बोलणं झालं. तासभर झाला, वर दहा मिनिटं झाली. तुमिनी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. अंगणात वीसेक पावलांचं अंतर होतं आणि तेवढ्यात दोघीच होत्या. तुमिनी उजवा पाय ओढत चालत होती.

"आपल्या गुडघ्यास त्रास आहे असं कानावर आलं," पार्जिला म्हणाली.

"बरा आहे, बू."

फाटक आलं. सांगायचं वाक्य राहूनच गेलं.

शुक्रवार उजाडला. तुमिनी साडेपाचला आली, पाय ओढत. तिने ओट्यावर गोणपाट अंथरलं, कोयता काढला, एक नारळ डाव्या तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे बघत, कोबीवालीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागली.

"ऐक रे नारळा. काल आमच्याकडे एक बाई आली होती. ठेवणीतली बाटिक नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. तीन ग्लास चहा ढोसलान्. खुर्चीत खिळा असल्यागत तास दीड तास बसली. आणि जे सांगायला आली ते न सांगता चालती झाली. आता तूच सांग, अशा बाईला काय म्हणायचं?"

कोयता बसला. नारळाचे सरळ दोन भाग झाले.

पार्जिलाचा हात पुडीवर थांबला. समोर ती हेल्मेटवाली शिक्षिका उभी होती. पार्जिलाने मनातल्या मनात सगळे नियम चाळले. माणसांशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक होतं, मेलेल्यांशी कसं तेही. सरदारांच्या घोड्यालासुद्धा आईने वरच्या भाषेत हाक मारायला लावली होती, आणि एकदा त्यासाठी चिमटाही काढला होता. नारळाबद्दल कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. टेम्पेबद्दलही नाही.

तिने एक पुडी उचलली आणि तोंडासमोर धरली.

"ए पुडे. सांग त्या नारळाला. म्हणावं, ती बाई सांगणार होती. पण ओसरीवर म्हातारी बसली होती कान टवकारून."

शिक्षिकेने पुडीकडे बघितलं, मग पार्जिलाकडे. "कुणाशी बोलताय, बू?"

"टेम्पेशी, बाई. बोललं की नीट आंबतं. चार देऊ ना?" आणि परत पुडीला, "आणि म्हणावं, ती बाई गाढव आहे. आठ माणसांदेखत दुसरीचे शब्द सुधारत बसली."

तुमिनीने दुसरा नारळ घेतला. "नारळा, गाढव नाही म्हणावं. गाढवाला एवढे शब्द येत नाहीत."

"पुडे, ती चूक झाली म्हणावं."

"झालीच. महाराणी केलीन् माझी. तो रिक्षावाला आठवडाभर मुजरे करत होता. नारळा, मी तर उत्तर दाराशी चाललेय. आठ वाजता सही आहे. तिकडे शेजारी लसूणवाली आहे, तिला एकच भाषा येते, तीही धड नाही."

"पुडे, जाऊ दे तिला. खुशाल जाऊ दे." पार्जिलाचा आवाज चढायला लागला होता आणि ते तिला कळतही होतं. "पण दोन आठवडे पाय ओढत फिरतेय आणि मला सुनेकडून कळतं! शेजारी बसून! सव्वीस वर्षं शेजारी बसून! तोंड शिवलंय का तिचं?"

"गुडघ्याला काय म्हणतात ते येत नाही ना मला, नारळा."

"ढोपर म्हण!" पार्जिला पुडीवर ओरडली. "ढोपर फुटलं म्हण! पाय मोडला म्हण! मेले म्हण! काहीही म्हण!"

आजूबाजूच्या चार ओट्यांवरची डोकी वळली. पार्जिलाला ओरडताना या बाजारात कुणी ऐकलं नव्हतं, आणि 'ढोपर' हा तळातला शब्द तर तिच्या तोंडून नाहीच. गिमिन रिक्षा तशीच उभी करून आला. त्याने पुडीकडे निरखून पाहिलं.

"काय झालं, यु? टेम्पेचं ढोपर फुटलं?"

आधी तुमिनी हसली. तोंडावर पदराचा बोळा धरून, मग तोही सोडून. कोयता बाजूला ठेवून तिने दोन्ही हात ओट्यावर टेकले. पार्जिला पुडी हातात धरून उभी होती. पान फाटलं होतं, ती विकण्याजोगी राहिली नव्हती. मग तीही हसली, पण तिला वेळ लागला.

शिक्षिकेने चार पुड्या स्वतःच निवडून घेतल्या.

आठला पाच मिनिटं कमी असताना पाक तुकिरान वही घेऊन आला. सोबत पेन होतं आणि बेचाळीस नंबरचा कागद. पार्जिला पुड्यांचा ढीग नव्याने रचत होती, सरळच असलेल्या पुड्या पुन्हा सरळ करत होती.

"बू तुमिनी, इथे सही करा."

तुमिनीने कागद घेतला, लांब धरून वाचला. "पाक, तिकडे सकाळी ऊन येतं ना?"

"येतं. साडेसातपासून."

"मग नारळ तडकतील. मला नाही जमायचं."

"अहो, अर्जात तुम्हीच लिहिलंय, प्रकाश भरपूर आहे म्हणून."

"प्रकाशच तो. तडकवतो. लसूणवालीला विचारा, तिला जागा कमी पडतेय. लसणाला ऊन मानवतं."

पाक तुकिरानने वहीत एक रेघ मारली, पुटपुटला, आणि पुढे गेला.

तो दिसेनासा झाल्यावर पार्जिला उठून उभी राहिली. हात समोर जुळवले. बाजार भरला होता, येणारे जाणारे बघत होते, आणि त्या विहिणी होत्या.

"बू," ती म्हणाली, "आपण चहा घेणार का?"

तुमिनीने क्षणभर विचार केला. मोठा शब्द स्वतःसाठी नाही.

"घेईन, बू. उपकार होतील." बिनचूक. कोबीवालीने मान डोलावली. मग तुमिनीने सोललेला एक नारळ जवळ ओढला आणि त्याला म्हणाली, "साखर बेतानं घाल म्हणावं तिला. गेल्या वेळी नुसता साखरेचा पाक होता. आणि येताना तो तेलवाला दिसला तर त्याच्याकडून ढोपराचं तेल घेऊन ये म्हणावं. एवढी बोंब मारलीच आहे तर."

पार्जिलाने पुड्यांवर फडकं टाकलं. ती ग्लास घेऊन चहावाल्याकडे गेली, आणि परत आली तेव्हा काखेत तेलाची बाटली होती.

आजचा बाजार अकराला उठला. संध्याकाळी पार्जिलाने सोयाबीन भिजत घातलं. उद्या शनिवार, आणि जावातल्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला वागे हा वार. वागेला वोनोगिरीची नारळाची गाडी पावणेपाचला दक्षिण दाराशी लागते, आणि साठ नारळ एकतीस नंबरच्या ओट्यावर उतरतात.